लाटा अडाव्यात, वारा नव्हे
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



आषाढ लागला की बसवनगुडीच्या मैदानांवर वारा घोंगावू लागतो. महाराष्ट्रात पतंग संक्रांतीला उडतो. बेंगळुरूच्या परिसरात त्याचा जुना मोसम आषाढाचा, आणि त्याचे कन्नड नाव 'गाळीपट'. गाळी म्हणजे वारा. घरी मराठी बोलणाऱ्या येथील मुलाला हा एकच खेळ दोन नावांनी मिळतो.

हाच नैर्ऋत्येचा मोसमी वारा रामेश्वरच्या बेटावरूनही वाहतो. काशी-रामेश्वरच्या यात्रेमुळे ते नाव मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अलीकडे तरुण मंडळी तेथे काइटसर्फिंग शिकायला जातात. पायांखाली फळी, कमरेला पट्टा आणि त्याला जोडलेल्या लांब दोऱ्यांच्या टोकाशी भलामोठा पतंग, असा हा खेळ. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनी १९८४ साली हवेने फुगवलेल्या कण्याच्या पतंगाचे पेटंट मागितले. हा पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि तेथूनच पुन्हा उचलता येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच समाविष्ट झाला. त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या.

शिकाऊ माणसाला मात्र खुला समुद्र मानवत नाही. त्याला हवे ते भूगोलाच्या पुस्तकातले 'खाजण': वाळूच्या बांधाआडचे उथळ, शांत पाणी. धनुष्कोडीकडे जाणाऱ्या चिंचोळ्या पट्टीच्या एका अंगाला मन्नारचे आखात आहे, दुसऱ्या अंगाला पाल्कचा उपसागर. पट्टीची वाळू ठेंगणी असल्यामुळे लाटा तिच्यापाशी थांबतात, वारा मात्र वरून सरळ येतो. उंच झाडी वा इमारतींच्या आडोशाला वारा विस्कटतो आणि पतंग कोसळतो. असा आडोसा या खेळाच्या कामाचा नाही.

शिक्षणाचा क्रमही ठरलेला असतो. आधी वाळूवर लहान पतंग सांभाळायचा. मग फळीवाचून पाण्यात उतरून पतंगाची ओढ अंगाने ओळखायची. फळी सर्वांत शेवटी. संकटात पतंग झटकन सोडून कसा द्यावा, हे मात्र पहिल्याच धड्यात शिकवतात. वारा किनाऱ्याकडून आत वाहत असेल, तर मदतीची होडी सज्ज ठेवावी लागते. कारण शांत पाण्यातूनही माणूस दूर वाहून जाऊ शकतो.

मराठीत शिकलेले मूल बाहेर टिकेल का, असा प्रश्न पालकांच्या मनात येतो, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर शाळा कोणता आडोसा देते यावर अवलंबून आहे. मातृभाषेने कोवळ्या वयातला न समजण्याचा धसका अडवावा. कन्नडचा, इंग्रजीचा, नव्या विद्यांचा वारा मात्र वर्गात पहिल्या इयत्तेपासून खेळू द्यावा. त्या वाऱ्याची ओढ ज्याने उथळ पाण्यातच ओळखली, पडून पुन्हा पतंग उचलला, तो खुल्या समुद्रावर गेल्यावर वाऱ्याला परका मानणार नाही. साठ वर्षांच्या शाळेकडे पुढल्या पिढीने एवढेच मागावे: बांध असावा, पण ठेंगणा.