दारावर डकवलेले समन्स



घटस्फोटाच्या कित्येक दाव्यांचा निकाल न्यायाधीशासमोर एक शब्दही उच्चारला जाण्यापूर्वीच लागून गेलेला असतो. तो लागतो बेलिफाच्या शेऱ्यात.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे न्यायाचे आद्य तत्त्व. समन्सची बजावणी हे त्याचे व्यवहारातील रूप होय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समन्स शक्यतो प्रतिवादीच्याच हाती द्यावयाचे असते. प्रतिवादी घरी नसेल व लवकर भेटण्याचा संभवही नसेल, तर ते घरातील प्रौढ पुरुषाकडे देता येई. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रीलाही ते घेता येऊ लागले. सुधारणा रास्तच; परंतु नवरा मुंबईस व सून गावी सासरी असेल, तर सासूच्या वा दिराच्या हाती पडलेला कागद तिला मिळेलच, याची हमी कोणती? घर बंद असल्यास समन्स दारावर डकवितात; तेही न साधल्यास न्यायालय वर्तमानपत्रात जाहीर समन्स देण्याचा हुकूम करू शकते. ऊसतोडीला गेलेल्या निरक्षर स्त्रीने ते वाचावे कसे?

ती हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालतो. हुकूमनामा होऊन अपिलाची मुदत उलटली, की नवरा दुसऱ्या लग्नास मोकळा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यास मुदत ३० दिवसांची. बजावणी रीतसर झाली नसेल, तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. परंतु तारखेची माहिती तिला वेळेत होती असे दिसल्यास बजावणीतील दोषावर भिस्त ठेवता येत नाही.

याहून घातक आहे तो गैरसमज. 'सही केली म्हणजे काडीमोड मान्य केली', या भीतीने अनेकजणी समन्स नाकारतात. वस्तुतः सही ही केवळ पोच असते. नाकारल्याने दावा थांबत नाही. कागद दारावर लागतो आणि काम पुढे चालते. समन्स घेणाऱ्या स्त्रीला मात्र कैफियत देता येते, हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली दावा चालू असतानाची पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे.

तथापि तालुक्याच्या गावी जाण्याचे एस. टी. भाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्याही कलमात आधी हाती पडत नाही. तेथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते: कागद घ्यावयास सांगणे, तो वाचून दाखविणे आणि तारखेस तिच्याबरोबर न्यायालयाची पायरी चढणे.