कुणाची संस्कृती, कुणाच्या ओसरीवर?



परदेशातल्या खेड्यात जा, पोरांना शिकवा, तिथली संस्कृती अनुभवा, असली पत्रकं कॉलेजच्या फळ्यावर लागतात. जायला माझी ना नाही. मे 2019 मध्ये मीही नेपाळात, पोखऱ्याच्या पलीकडच्या एका डोंगरी गावात महिनाभर गणित शिकवून आलो. लिपी आपलीच, त्यामुळे फळ्यापुढं अडलं नाही. पण संस्कृती कुणाची, हे पत्रकात छापलेलं नव्हतं.

आमची सोय बाहुनांच्या घरी. बाहुन म्हणजे तिकडचा बामण. टिळा लावला, डाळभात वाढला, मादल वाजवून नाच झाला. बरोबरची गोरी पोरं फोटो काढून दमली. माणसं प्रेमळ, खोटं कशाला बोलू. मग आजोबांनी विचारलं, "तपाईंको थर के हो?" थर म्हणजे आडनाव. आपलं आडनाव तिथं जात सांगत नाही, म्हातारा चाचपडत राहिला. मीच सांगून टाकलं : बौद्ध, पूर्वीचे महार, तुमच्या भाषेत दलित. रात्री माझं ताट ओसरीवर आलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही, ताट तेवढं सरकलं. आमचे संयोजक म्हणाले, "ही इथली संस्कृती आहे, आपण पाहुणे." च्यायला, माझ्या बापाला हेच मराठीत ऐकवलं होतं.

संस्कृती कसली? कायदा होता तो. 1854 च्या मुलुकी ऐनात, जंगबहादूर राणाच्या अमलात, कुणाच्या हातचं पाणी चालत नाही, कुणाला शिवलं तर पाणी शिंपडून घ्यायचं, हे सरकारनं कलमवार लिहून ठेवलं. 1963 च्या नव्या ऐनानं ते काढलं. 2011 साली जातिभेद हा गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा झाला. म्हणजे ओसरीवर मी अनुभवत होतो तो गुन्हा! आणि मी परतल्यावर वर्षभरानं, मे 2020 मध्ये, पश्चिम रुकुममध्ये वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणारा दलित तरुण आणि त्याचे सोबती, सहा जण जिवानिशी गेले. गावानं पाठलाग केला होता.

दुसऱ्या दिवशी वळकटी उचलली आणि वर्गातल्या एका पोराच्या घरी गेलो. परियार, जात दमाई. गावाचे कपडे हे शिवणार, लग्नात सनई, नगारा, नरसिंगा हे वाजवणार. यांच्याशिवाय लग्न शुभ नाही, पण जेवायला अंगणाच्या कडेला. मजुरी सुगीला, धान्यात. याला बालीघरे म्हणतात. मला आपलं बलुतं समजावून सांगावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी दिदींचा हात पाण्याचा लोटा देताना अडखळला. मी घेतला, प्यालो. मग ढिंडो आला, नाचणीचा, आपल्या उकडीचा भाऊ. सोबत गुंद्रुक, आंबवून वाळवलेला पाला. आंबट, झणझणीत. पोराच्या बापानं मला सनई फुंकायला दिली. गाल दुखले, सूर काही निघाला नाही, घरभर हसू. ही संस्कृती कुणी दाखवायला नेत नाही. त्यासाठी वळकटी उचलावी लागते.

नोव्हेंबर 1956 मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बोलले होते. त्या घरात ते नाव पोचलेलं नव्हतं. संध्याकाळी पोरांना महाडचं सांगितलं : 20 मार्च 1927, तळं, ओंजळ. एकीनं विचारलं, "सर, मग पाणी मिळालं?" म्हटलं, मारहाण झाली, नंतर खटला, हायकोर्टाचा निकाल 1937 साली. पोरं बोटांवर मोजायला लागली. वजाबाकी मीच शिकवली होती.