पाठीवरचा पंप उतरला, पण…



फवारणीचे ड्रोन वऱ्हाडात आले आहेत. नाशिककडील द्राक्षबागायतदार ह्या यंत्राविषयी बोलतात तेव्हा बागेवरचा रोग आणि मालाची निर्यात त्यांच्या मनात असते. ते त्यांच्या परीने योग्यच आहे. परंतु अमरावती-अकोल्याच्या कपाशीच्या वावरात उभे राहून बोलावयाचे, तर आरंभ 2017 सालापासून करावा लागेल.

त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. बोंडअळीच्या धास्तीने दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. झाड उंच असल्यामुळे नळी वर धरावी लागे, आणि उडालेले विष फवारणाऱ्याच्याच तोंडावर, छातीवर, डोळ्यांत उतरे. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली, आठशेहून अधिक रुग्णालयात पडली. अकोला-अमरावतीही ह्यातून सुटले नाहीत. शासनाने मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे चौकशी सोपविली, आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. साठ दिवस! हंगाम सरत आलेला असताना घातलेल्या बंदीने विक्रेत्याचे काय बिघडणार होते? मेलेल्यांत मजूर होते, तसेच स्वतःच्या चार-पाच एकरांत स्वतःच पंप उचलणारे शेतकरीही होते. आणि दोष मात्र त्यांच्याच माथी मारला गेला: हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही. सप्टेंबरच्या उन्हात, दमट हवेत, पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेऊन तो पोशाख अंगावर चढवून दाखवा, असे त्या उपदेशकांना कोणी म्हटले नाही.

म्हणून ड्रोनला माझा विरोध नाही. माणसाच्या पाठीवरून विषाचा पंप उतरविणारे यंत्र समाजवाद्याने नाकारावयाचे नसते. मात्र ते यंत्र कोणाचे, आणि त्याचे विष कोणावर पडते, हे विचारावयाचे असते.

प्रथम विषाचे पाहू. पाठीवरच्या पंपाने वाढलेल्या कपाशीला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. ड्रोन दहा लिटरच्या टाकीत, दहा मिनिटांच्या आत, एकर उरकतो. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे हवेतून पडणारा थेंब पंधरा-वीस पट तीव्र असतो आणि बारीकही असतो. वारा सुटला की तो धुरा ओलांडतो. धुऱ्यापलीकडे निंदणाला वाकलेल्या बाया असतात, त्यांची झाडाला बांधलेल्या झोळीतली लेकरे असतात. शिवाय टाकीत औषध कोणीतरी कालवावेच लागते. तो हात मजुराचाच राहणार, आणि आता तो अधिक घट्ट द्रावण हाताळणार. पानाखाली दडणारे तुडतुडे आणि संत्र्याच्या दाट झाडातली कोळशी ह्यांपर्यंत वरून पडणारा फवारा कितपत पोचतो, हा आणखी वेगळा प्रश्न. 2022 च्या एप्रिलमध्ये मात्र 477 कीटकनाशकांना ड्रोनसाठी दोन वर्षांची हंगामी परवानगी एकगठ्ठा देण्यात आली.

आकाशातून विष टाकण्याचा अनुभव देशाला नाही असे नव्हे. केरळातील कासारगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 2000 पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. बागा सरकारच्या होत्या, वस्ती गरिबांची होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी आणली 2011 साली, आणि पीडितांना पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला 2017 साली. ड्रोन हेलिकॉप्टरपेक्षा पुष्कळ खाली उडतो, हे खरे. परंतु आपल्या वावरांचे तुकडेही पुष्कळ लहान आहेत.

आता मालकीचे. भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांना चाळीस टक्के, कृषी पदवीधरांना पन्नास टक्के, शेतकरी उत्पादक कंपन्यांना पंचाहत्तर टक्के असे अनुदान 2022 पासून ठरले. 2023 साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांसाठी ऐंशी टक्के, आठ लाखांपर्यंत, मंजूर झाले. ही शेवटची तरतूद चांगली आहे. पण उरलेली रक्कम गटाला कर्जाने उभारावी लागते, आणि कर्ज फेडण्याइतके एकर हंगामात मिळतील की नाही, हा घोर त्या बायांचा. ह्या सगळ्या यादीत ज्याने वीस वर्षे पंप वाहिला तो फवारणीवाला मात्र कोठेच नाही. ड्रोन चालविण्याच्या परवान्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते. तो सातवीतच वावरात उतरला होता. पंपामागे मिळणारी त्याची मजुरी जाईल, आणि बदल्यात त्याला काय, ह्याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात मला आढळले नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तंत्र शिकवू शकते. त्या प्रशिक्षणात पंपवाल्यांना राखीव जागा, दहावीच्या अटीत अनुभवाची सूट आणि फवारणीवाल्यांच्या सहकारी संस्थांना अनुदान, ह्या मागण्या आपल्यालाच रेटाव्या लागतील.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता करता येते. 1971 च्या कीटकनाशक नियमांतील नियम 43 सांगतो की, हवाई फवारणीची सूचना किमान चोवीस तास आधी सक्षम अधिकाऱ्यामार्फत जनतेला मिळाली पाहिजे, क्षेत्राची आखणी झाली पाहिजे, आणि कामाशी संबंध नसलेली माणसे व जनावरे ठरावीक काळ तेथे येऊ देता कामा नयेत. धुण्याची व प्रथमोपचाराची सोय करण्याचे दायित्वही फवारणी करणाऱ्यावर आहे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येकाने आपल्या गावी हा नियम मराठीत वाचून दाखवावा. ड्रोन येण्याच्या आदल्या दिवशी दवंडी पिटावी. कोणत्या गटात, कोणते औषध, किती वाजता, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. शेजारच्या वावरातील बायांना त्या दिवशी कामावरून थांबावे लागले, तर त्यांची मजुरी ड्रोन लावणाऱ्याने द्यावी, असा ठराव मांडावा. ह्या शेवटच्या कलमाला विरोध होईल. तो कोण करतो ते नोंदवून घ्या, आणि ठराव मतास टाका.