घासाचा प्रवास : तोंड, अन्ननलिका आणि जठर



चेन्नई शहरातील एग्मोर हा भाग बहुतेकांना तेथील रेल्वे स्थानकामुळे ठाऊक असतो. ही इमारत १९०८ सालची. दक्षिणेकडील जिल्ह्यांतून रात्रभर प्रवास करून आलेला उतारू सकाळी येथे उतरतो आणि इडलीचा पहिला घास तोंडात घालतो. याच एग्मोरमध्ये सरकारी प्रसूती रुग्णालय आहे. त्याची स्थापना १८४४ सालची. तेथे त्याच सुमारास एखादे नवजात बालक आईच्या दुधाचा पहिला घोट गिळत असते. उतारूचा घास आणि बालकाचा घोट यांचा मार्ग एकच : तोंड, अन्ननलिका आणि जठर.

प्रथम उतारूच्या घासाकडे पाहू. दात त्याचे बारीक तुकडे करतात, जीभ ते उलटसुलट करते आणि लाळ त्यांना ओलावून त्यांचा मऊ गोळा बनवते. लाळ पाझरते ती मुख्यतः ग्रंथींच्या तीन जोड्यांमधून. दिवसाकाठी ती सुमारे एक ते दीड लिटर भरते. तिच्यातील अमायलेज हे एंझाइम, ज्याला जुन्या पुस्तकांत टायलिन म्हणत, पिष्टाचे रूपांतर शर्करेत करू लागते. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा बराच वेळ चावीत राहिल्यास तो गोडसर लागतो, त्याचे कारण हेच. इडलीतील तांदळाच्या पिष्टावरही हीच क्रिया घडते.

चावणे माणसाच्या इच्छेवर अवलंबून असते. परंतु जिभेने गोळा एकदा घशात ढकलला की पुढील क्रिया आपोआप होते. घसा हा श्वास आणि अन्न या दोहोंचा चौक आहे. गिळताना मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाकडची वाट बंद होते, स्वरयंत्र वर सरकते, त्यावरील झाकण खाली कलते आणि क्षणभर श्वास थांबतो. जेवताना हसणाऱ्याला किंवा बोलणाऱ्याला ठसका लागतो, तो हा क्रम चुकल्यामुळे.

चौक ओलांडल्यावर घास अन्ननलिकेत येतो. प्रौढ माणसात ही स्नायूंची नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. घासाच्या मागचा भाग आकुंचन पावतो, पुढचा सैल होतो, आणि ही लाट घासाला खाली नेते. तिला क्रमसंकोच म्हणतात. या लाटेमुळेच आडवे पडूनही गिळता येते. घन घासाला हे अंतर कापण्यास सहसा आठ-दहा सेकंद लागतात. नळीच्या शेवटी असलेले स्नायूंचे वलय घास येताच उघडते आणि लगेच मिटते.

जठरात काय घडते, हे बराच काळ तर्कानेच जाणावे लागे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. जखम भरली, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यवैद्याने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि वेळोवेळी बाहेर काढून तपासले. त्याचे निष्कर्ष १८३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जठर अन्न केवळ घुसळत नाही, तर त्याचा रस अन्न विरघळवतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. या रसातील हायड्रोक्लोरिक आम्ल बहुतेक जंतूंना मारते आणि पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करते. जठराची स्वतःची भिंत मात्र चिकट श्लेष्म्याच्या थरामुळे सुरक्षित राहते. काही तासांत अन्नाची आंबट, पातळ पेज बनते आणि थोडीथोडी लहान आतड्यात सोडली जाते.

आता प्रसूती रुग्णालयातील बालकाकडे वळू. त्याच्या जठरात आरंभी काही चमचेच दूध मावते. अन्ननलिकेच्या शेवटचे वलय अजून दुबळे असल्यामुळे ते वरचेवर दूध टाकते. पाजल्यावर त्याला उभे धरून ढेकर काढणे एवढाच यावर बहुधा उपाय असतो.

काही हजार बालकांमागे एखाद्याची अन्ननलिका मात्र जन्मतःच मध्ये तुटलेली असते. वरचा भाग पिशवीसारखा बंद असतो आणि खालचा भाग बहुधा श्वासनलिकेला जोडलेला असतो. अशा बालकाच्या तोंडातून सतत फेसाळ लाळ गळते. पाजू लागताच ते ठसकते, निळे पडते. तोंडातून घातलेली मऊ नळी साधारण दहा सेंटिमीटरवर अडते आणि निदानाची दिशा कळते. एके काळी अशी बालके वाचत नसत. १९४१ साली अमेरिकेतील मिशिगन येथे कॅमेरॉन हाइट यांनी दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे जोडली. आज, वेळीच निदान झाल्यास आणि इतर गंभीर दोष नसल्यास, बहुतेक बालके वाचतात. एग्मोरमध्येच हॉल्स रोडवर मुलांचे सरकारी रुग्णालय आहे व तेथे बालशल्यचिकित्सेचा विभाग आहे.

म्हणूनच पहिल्या घोटाकडे डोळसपणे पाहणे अगत्याचे ठरते. महाराष्ट्रात बाळाला मध चाटवण्याची, तर तमिळनाडूत साखरेचे पाणी देण्याची रूढी आहे. तिच्यामागे माया असते, यात संशय नाही. परंतु ज्याला स्वतःची लाळही गिळता येत नाही, त्याच्या बाबतीत हाच गोड थेंब फुप्फुसात उतरतो. निरोगी बाळालाही आईच्या चिकाखेरीज दुसऱ्या कशाची गरज नसते. आणि मधातून क्वचित जाणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तो एक वर्षापर्यंत देऊच नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. तोंडाला फेस येणाऱ्या बाळाला काहीही न पाजता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

स्थानकावरच्या उतारूला आपल्या अन्ननलिकेची आठवणही होत नाही. ती आपले काम नीट करीत असल्याची हीच खूण होय. ज्या बालकाला ती अपुरी लाभली, त्याचे प्राण मात्र जवळच्या माणसाने पहिल्या काही तासांत काय पाहिले आणि काय पाजले नाही, यावर अवलंबून असतात.