विजेचा बंब : दुरुस्त करावा कीं बदलावा?

स्नानगृहांतील विजेचा बंब, ज्यास आपण सर्वजण ‘गीझर’ म्हणतों, हा मोठा अबोल सेवक आहे. वर्षानुवर्षें तो भिंतीवर लटकत असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. मग पौषांतील एखाद्या पहाटे पाणी थंडच येतें किंवा खालीं टपटप सुरू होते, आणि घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, “वायरमनला बोलवा, होईल दुरुस्त.” तरुण मंडळी म्हणतात, “टाका काढून, नवा आणूं.” दोन्ही पक्षांचें म्हणणें प्रसंगपरत्वें खरें असतें. कोणत्या प्रसंगीं कोणाचें, हें ठरविण्याची रीत आज आपल्यापुढें मांडावयाची आहे.

दुरुस्तीकडे आपला ओढा असणें स्वाभाविक आहे. पूर्वीं घरोघरीं जो तांब्याचा बंब असे, त्यास भोंक पडलें तर पुण्याच्या तांबट आळींतील कारागीर तें झाळून देई, आणि तोच बंब पुढें अनेक वर्षें चाले. विजेच्या बंबाची रचना निराळी आहे. बाहेर पत्र्याचें किंवा प्लॅस्टिकचें कवच, मध्यें उष्णता राखणारा फेसाचा थर आणि आंत पाण्याची टांकी, अशीं त्याचीं तीन अंगें असतात. पुष्कळ बंबांत पोलादी टांकीस आंतून कांचेसारखा लेप दिलेला असतो. ती फुटल्यावर बाहेरून सांधूं गेल्यास आंतील लेप जळतो, आणि गंज तेथूनच पुन्हा सुरू होतो. म्हणून पहिला नियम असा कीं, टांकीच फुटली तर बंब बदलावा. दुसरें कांहीं बिघडलें तर प्रथम दुरुस्तीचा विचार करावा.

परंतु गळती टांकीचीच आहे, हें कशावरून ओळखावें? नळाच्या जोडांतून किंवा तापकाच्या चकतीखालील रबरी वायसरांतून पाणी झिरपत असेल, तर तें काम अल्प खर्चाचें आहे. पाणी तापत असतांना सुरक्षा-झडपेंतून थोडेंसें ठिबकणें हा तर दोषच नव्हे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविलें म्हणजे तें सुमारें २०० मिलिलिटरांनीं फुगतें, आणि मागें जाण्यास वाट नसली तर त्या झडपेवाटेंच बाहेर पडतें. पाणी थंड असतांनाहि ती गळत राहिली, तर झडप बदलावी; पण तिच्या तोंडास बूच मात्र कधींहि मारूं नये. वाढलेल्या दाबास जी वाट ठेवलेली आहे, ती बुजविणें म्हणजे घरांत स्फोटक ठेवण्यासारखेंच आहे. जोड, वायसर आणि झडप हीं सारीं कोरडीं असून कवचाच्या सांध्यांतून तांबूस पाणी येत असेल, तर टांकीचें आयुष्य सरलें असें समजावें.

आतां इतर बिघाड पाहूं. बंबावरील दिवा लागतच नसेल, तर बंबास दोष देण्यापूर्वीं वायरमनकडून भिंतींतील सॉकेट तपासून घ्यावें. २३० व्होल्टवर २ किलोवॅटचा बंब सुमारें ९ अँपिअर, तर ३ किलोवॅटचा १३ अँपिअर प्रवाह घेतो. जोड ढिला असेल तर तेवढ्यानें प्लगच्या पिना जळून काळ्या पडतात. दिवा लागतो पण पाणी तापत नाहीं, अशा वेळीं बहुधा तापक, म्हणजे कारागीर ज्यास ‘एलिमेंट’ म्हणतात तो, निकामी झालेला असतो. उलट पाणी उकळून वाफा येऊं लागल्या, तर थर्मोस्टॅट चिकटला असें समजून बटण तत्काळ बंद करावें, आणि दुरुस्ती होईपर्यंत बंबास हात लावूं नये. टांकी शाबूत असेल तर या साऱ्या वस्तू बदलतां येतात.

चवथा बिघाड सर्वांत गंभीर आहे. बंब लावतांच घरांतील आरसीसीबी हा स्विच खालीं पडतो. पुष्कळ लोक त्या स्विचासच नांवें ठेवतात आणि तो काढून टाकावयास सांगतात. श्रोतेहो, हें कदापि करूं नका. ३० मिलिअँपिअर प्रवाह जरी भलत्या वाटेनें जाऊं लागला तरी वीज तोडावी, एवढ्यासाठींच तो बसविलेला असतो. तापकाचें कवच चिरून वीज पाण्याकडे जात असावी, अशी ती सूचना आहे.

येथें दुरुस्ती कीं बदल या वादाहून मोठा प्रश्न उभा राहतो. जुन्या वाड्यांतून व चाळींतून कित्येक ठिकाणीं सॉकेटला तिसरें, मोठें भोंक असतें. पण त्यामागें अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा जागीं नवाकोरा बंबहि ओल्या अंगानें उभ्या असलेल्या माणसाचें रक्षण करण्यास पुरा पडत नाहीं. म्हणून वायरमन कोणत्याहि कामासाठीं आला असो, प्रथम अर्थिंग तपासून घ्यावें. पैसा एकाच कामापुरता असेल तर तो अर्थिंगवर खर्चावा, आणि महिनाभर गॅसवर पाणी तापवावें.

राहिला खर्चाचा हिशेब. बंब जुना असून दुरुस्तीस नव्याच्या निम्म्याहून अधिक पैसे लागत असतील, तर नवा घेणें शहाणपणाचें. परंतु तापक वरचेवर जळत असेल, तर दोष पाण्याचा असूं शकतो. कूपनलिकेचें जड पाणी तापलें म्हणजे त्यांतील चुना तापकावर पांढऱ्या थरानें बसतो, आणि आंतील उष्णता बाहेर न पडल्यानें तापक जळतो. तेथें नव्या बंबाचीहि तीच गत होईल. अशा घरीं दरवर्षीं टांकी उघडून थर काढवावा, आणि आंतील मॅग्नेशियमची कांडीहि पाहावी. ती स्वतः झिजून टांकीचें पोलाद राखते. ती संपण्यापूर्वीं बदलली, तर टांकी पुष्कळ वर्षें टिकते.

नवा बंब वीज वाचवितो, असेंहि सांगण्यांत येतें. १५ लिटर पाणी ३५ अंशांनीं तापविण्यास सुमारें ०.६ युनिट वीज कोणत्याहि बंबास लागणारच. त्यावरील तारे दर्शवितात तें इतकेंच कीं, तापलेलें पाणी साठून राहिलें असतां उष्णता किती वायां जाते. ज्या घरीं बंब अर्धा तास लावून बंद करतात, तेथें हा लाभ थोडा. दिवसभर चालू ठेवतात, तेथें अधिक.

सारांश, टांकी फुटली तर बदल, सुटा भाग गेला तर दुरुस्ती, आणि दोहोंच्याहि आधीं अर्थिंग, एवढें ध्यानांत ठेवलें तर घरांतील दोन्ही पक्षांचा तंटा सहज मिटेल.