घराच्या छतातील दिवे : शोभा आणि सुरक्षितता

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



एके काळी घरातील विजेचा दिवा छतापासून लोंबत असे. त्याची वायर, होल्डर आणि बटन ही सर्व डोळ्यांसमोर असत. वायरचे आवरण फाटले, तर ते घरातील लहान मुलाच्याही ध्यानात येई. आता जिप्समचे किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचे दुसरे छत करून त्यात दिवे बसविण्याची पद्धत शहरांतून तालुक्याच्या गावी आणि तेथून खेड्यांतही पोहोचली आहे. या छतामुळे खोलीला शोभा येते, यात शंका नाही. परंतु दिवा दिसतो आणि त्याला वीज पुरविणारी सारी यंत्रणा मात्र झाकली जाते. एकदा झाकलेले छत बिघाड झाल्यावाचून कोणी उघडून पाहत नाही. म्हणून छत बंद होण्यापूर्वी ते पाहणे अगत्याचे आहे, हेच आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

दिव्यांतील स्थित्यंतर

ही पद्धत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली ती एलईडी दिव्यांमुळे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली आणि हे दिवे घरोघरी गेले.

यापूर्वी छतात ५० वॅटचे हॅलोजन दिवे बसवीत. असे ६ दिवे रोज ४ तास जळले, तर महिन्याला ३६ युनिट वीज लागे. त्यांच्या जागी ६ वॅटचे ६ एलईडी दिवे लावल्यास तेवढ्याच वेळात सुमारे सव्वाचार युनिट पुरतात. शिवाय हॅलोजनच्या काचेचे तापमान दोनशे अंशांहून अधिक होते. एलईडी इतका तापत नाही. तथापि त्याचीही उष्णता मागील बाजूस साचते, आणि ती बाहेर पडण्यास वाव नसेल तर दिव्याचे आयुष्य घटते. म्हणून दिव्याच्या मागे मोकळी जागा ठेवलीच पाहिजे. पत्र्याखाली उन्हाळ्यात हवा अतिशय तापते. उष्मा कमी करण्यासाठी तेथे थर्मोकोल लावण्याचा प्रघात आहे. थर्मोकोल सहज पेट घेतो. तो दिव्याला किंवा वायरच्या जोडाला भिडता कामा नये.

छताचा विचार

काँक्रीटच्या स्लॅबमध्ये दिव्यासाठी छिन्नीने खळगे करणे सर्वथा अयोग्य होय. स्लॅबमधील सळईवर काँक्रीटचे आवरण जेमतेम २० मिलिमीटरचे असते. ते फोडले की सळई उघडी पडून गंजू लागते. दिवे बसवावयाचे ते खालच्या दुसऱ्या छतात. पंखा मात्र त्या छताला न टांगता मूळ स्लॅबमधील हुकालाच टांगावा. कौलारू घरांत आणखी दोन शत्रू असतात, उंदीर आणि पावसाळ्यातील गळती. तेथे आधी कौले शाकारून घ्यावीत आणि प्रत्येक वायर पाइपातूनच न्यावी. छतावर मोकळी टाकलेली वायर उंदरांना आयतीच सापडते.

छत बंद करण्यापूर्वी

हे काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असा नियम आहे. घरमालकाला वीजशास्त्र येण्याची गरज नाही. त्याने काही साधे प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होते. वायर तांब्याची आणि दीड चौरस मिलिमीटरची आहे काय? एका सर्किटवर दहांहून अधिक पॉइंट किंवा ८०० वॅटहून अधिक भार तर नाही ना? वायरचे जोड केवळ चिकटपट्टीने गुंडाळले आहेत, की कनेक्टर लावून डब्यात बंद केले आहेत? हिरवी अर्थिंगची वायर प्रत्येक धातूच्या दिव्यापर्यंत पोहोचली आहे काय? मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला आहे काय? वीज गळून माणसाच्या अंगातून जाऊ लागली, तर हे उपकरण निमिषार्धात पुरवठा तोडते आणि प्राण वाचवू शकते.

याखेरीज मेगर नावाच्या यंत्राने वायरच्या आवरणाची चाचणी करून घ्यावी. तीत निदान १ मेगओहम रोध आढळला पाहिजे. मग उघड्या छताची छायाचित्रे घेऊन कोणती वायर कोठून गेली आहे याचा नकाशा जपून ठेवावा. दहा वर्षांनी कोणी भोक पाडावयास येईल, तेव्हा तोच उपयोगी पडेल.

काम संपल्यावर आणखी एक खूण पाहावी. बटन बंद केल्यावरही दिवा मंद तेवत राहिला, तर बटन फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असण्याचा संभव आहे. अशा स्थितीत बटन बंद असूनही दिव्यापर्यंत वीज पोहोचलेली असते. दिवा बदलावयास शिडीवर चढलेल्या माणसाच्या दृष्टीने हे धोक्याचे आहे. वायरमनला बोलावून ते तत्काळ सुधारून घ्यावे.

दिव्यांच्या जागा

दहा फूट उंचीच्या खोलीत दिव्यांमध्ये सुमारे पाच फूट आणि भिंतीपासून अडीच फूट अंतर असावे, हा ढोबळ ठोकताळा आहे. पंख्याच्या पात्यांवर दिवा येऊ देऊ नये. पाती फिरू लागली की प्रकाश सारखा तुटतो आणि डोळ्यांना त्रास होतो. जेथे मुले अभ्यासाला बसतात तेथे छतातील दिव्यांवरच विसंबू नये. त्यांच्या डोक्याची सावली वहीवर पडते. मेजावर वेगळा दिवा असावा.

पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे. गावाचे सभागृह किंवा शाळेची खोली सजविताना ठेकेदाराचे देयक मंजूर करण्याआधी वायरिंगचा नकाशा, उघड्या छताची छायाचित्रे आणि मेगर चाचणीचा अहवाल मागून घ्यावा. त्या छताखाली आपलीच मुले बसणार आहेत. शिक्षकबंधूंनी हे प्रश्न वर्गात सांगितले, तर ते आपोआप घरोघरी पोहोचतील.