बारवर पोट टेकेपर्यंत



किशोरी गटाच्या कामाबद्दल बोला, असा निरोप होता. मी फक्त एका लोखंडी बारबद्दल बोलणार आहे. आमच्या वस्तीशेजारच्या मैदानात तो छातीच्या उंचीवर आहे. 15 वर्षांची एक मुलगी त्यावर उलटं फिरून चढायला शिकायला आली. शिकवणारे दादा म्हणाले, वय गेलं. जागतिक स्पर्धांत मोठ्या मुलींच्या गटाला 1997 पासून 16 वर्षांची अट आहे! अर्थात त्या मुली लहानपणापासून सराव करतात, हे खरं. पण हिला कुठे पदक हवं होतं?

कोपरं वाकवून छाती बारजवळ ठेवायची, एक पाय जोरात वर फेकायचा, दुसरा त्याच्यामागे. कंबर बारला चिकटली की अंग मागे फिरून पोटावर येतं. तिची कोपरं सुटायची, कंबर लांब जायची आणि ती खाली. हंडे उचलून खांदे भरतात, पण स्वतःचं अंग वर ओढायची सवय मुलींना कोण लावतं?

आम्ही दंडाची ताकद वाढवत बसलो. अडत होता पाय. पाय वर म्हणजे कुर्ता वर, आणि समोर कट्ट्यावर पोरं. ट्रॅकपँट आणली. सकाळची वेळ मागितली, मिळाली नाही. शेवटी तिची आईच येऊन कट्ट्याकडे तोंड करून उभी राहिली.

त्याच आठवड्यात पोट बारवर टेकलं. आईची पाठ होती, तिला दिसलंच नाही. आमचा गलका ऐकून वळली आणि म्हणाली, "परत कर."